अणुकेंद्राला न शिवता परतलेला कण

आमच्या आमगावात तांदळाच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून आतला दाणा बाहेर काढून पाहता येतो. अणूच्या बाबतीत ही सोय नाही. त्यावर एखादा कण सोडायचा आणि तो कुठे वळला, हे पाहायचे. यालाच प्रकीर्णन म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी लिहिले होते की, रुदरफर्डच्या प्रयोगात अल्फा कण सोन्याच्या अणुकेंद्रावर आदळून मागे फिरले. पुढे स्वतः आकडेमोड केली, तेव्हा ते वाक्य चुकीचे ठरले. आज ते दुरुस्त करतो.

१९०९ साली मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. (डोळ्यांचे किती हाल झाले असतील!) बहुतेक कण धातूच्या वर्खातून आरपार गेले, प्लॅटिनमवरून सुमारे ८००० त एक उलट फिरला. एवढा वेगवान कण फिरवायचा, तर अणूतला भार एका अतिसूक्ष्म जागी एकवटलेला हवा, हे रुदरफर्डने १९११ मध्ये दाखवले.

पण कण फिरला कुठून? त्याची ऊर्जा ७७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. त्याच्यावर २ धनभार, सोन्याच्या केंद्रावर ७९. हिशेब केला की अंतर येते सुमारे ३० फेम्टोमीटर. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. सोन्याच्या केंद्राची त्रिज्या मात्र जेमतेम ७. म्हणजे कण चौपट अंतरावरूनच, निव्वळ विद्युत प्रतिकर्षणाने परतला. केंद्र ‘याहून मोठे नाही’, एवढेच त्याने सांगितले. खरे माप १९५० च्या दशकात हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉन वापरून घेतले. बिंदूसाठी मांडलेले सूत्र जिथे चुकू लागते, तिथे आतली रचना दिसू लागते.

त्याच १९०९ मध्ये मुंबईत होमी भाभा जन्मले. इलेक्ट्रॉनवरून पॉझिट्रॉन कसा वळेल, याचे सूत्र त्यांनी केंब्रिजला मांडले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे दोन कण एकमेकांना नष्ट करून पुन्हा जन्मू शकतात, ही शक्यताही त्यांनी हिशेबात घेतली होती. हेच ‘भाभा प्रकीर्णन’. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या ‘लेप’ यंत्रात (१९८९–२०००) लहान कोनांत वळलेले असे कण मोजून एकूण टकरींचा अंदाज बांधत. मोठ्या कोनांत सूत्र कुठे चुकते का, हेही तपासले गेले. ते चुकले नाही. इलेक्ट्रॉनच्या आत काही असलेच, तर ते फेम्टोमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे.