मॉडेलरला ‘खरा’ कॅब हवाच का?

वडोदऱ्यात गिटार वाजवणाऱ्या मुलांकडून एक वाक्य सतत ऐकू येतं: “मॉडेलर शेवटी डिजिटल. खरा गिटार कॅब लावला की आवाज खरा होतो.” मॉडेलर म्हणजे अ‍ॅम्प आणि कॅबची डिजिटल नक्कल करणारं यंत्र; कॅब म्हणजे गिटारच्या स्पीकरची पेटी. मग गणपती-नवरात्राच्या तोंडावर बारा इंची स्पीकरचा जड कॅब घरी येतो. सेटिंग न बदलता मॉडेलर त्यावर वाजवला जातो, आवाज गुदमरतो आणि खापर मॉडेलरवर फुटतं. मुलं पै-पै साठवून ही खरेदी करतात, म्हणून राग येतो.

गिटारचा स्पीकर आलेला आवाज जसाच्या तसा देतच नाही. सेलेशनचा नावाजलेला व्हिंटेज 30 घ्या. कंपनीच्याच माहितीपत्रकात त्याची कक्षा 70 ते 5000 हर्ट्झ आहे. माणसाचा कान 20,000 पर्यंत ऐकतो. वरचा भाग छाटला जातो म्हणूनच डिस्टॉर्शन सुसह्य होतं. आता मॉडेलरमधला आयआर म्हणजे काय? खऱ्या कॅबसमोर माइक ठेवून घेतलेलं त्या कॅबचं मोजमाप. म्हणजे छाटणी आधीच झालेली असते. तो चालू ठेवून पुन्हा गिटार कॅब लावणं म्हणजे फोडणी दिलेल्या आमटीला पुन्हा फोडणी देणं.

कॅबच हवा असेल तर आयआर बंद करा आणि मध्ये पॉवर अ‍ॅम्प घ्या. बहुतेक मॉडेलरमध्ये तो नसतो. मागे अ‍ॅम्प उभा असल्याचा अनुभव मिळेल, पण फेंडर निवडा की मार्शल, सगळं त्या एकाच स्पीकरच्या रंगातून बाहेर येईल. वेगवेगळे कॅब ऐकायचे असतील तर एफआरएफआर घ्या, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला आवाज शक्य तितका समान देणारा स्पीकर. “तो खोलीतल्या अ‍ॅम्पसारखा वाटत नाही” ही तक्रार खरी आहे. पण त्यातून येतो तो माइकने टिपलेला आवाज. खरा ट्यूब अ‍ॅम्पही माइक लावून मिक्सरमधून ऐकला तर तसाच वाटतो.

आणि गरब्याच्या मैदानावर लोक ऐकतात ती पीए, म्हणजे मैदानाची मोठी ध्वनियंत्रणा. तुमचा कॅब फार तर तुम्हाला ऐकू येतो. मिक्सरकडे आयआरसह आणि कॅबकडे आयआरशिवाय, असे दोन वेगळे आउटपुट अनेक मॉडेलर देतात. ते वापरा ना!

खरेदीआधी आणखी काही समज तपासा. 100 वॅट म्हणजे 50 च्या दुप्पट मोठा आवाज? नाही, फरक फक्त 3 डेसिबलचा. दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. कोणताही ओहम चालतो? अ‍ॅम्पवर किमान 8 लिहिलं असेल तर 4 ओहमचा कॅब लावू नका. 8 चे दोन कॅब समांतर जोडले तरी 4 च होतात. एफआरएफआर लिहिलं की आवाज सपाट? लेबल नको, फ्रिक्वेन्सीचा आलेख बघा.

घरी बसवलेला टोन मैदानावर तसाच राहतो, हाही भ्रमच. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं की हळू आवाजात कानाला बास फार कमी ऐकू येतो. म्हणून आपण घरी तो वाढवून ठेवतो आणि स्टेजवर तो घुमतो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरात स्टेजइतका आवाज करता येणार नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. तेव्हा शेवटचा हात तालमीच्या हॉलमध्ये, पीए लावूनच फिरवा.