सॉकेट संदेशवहनातील दोषनिदान

युनिक्स या संगणक प्रणालीत दोन स्वतंत्र प्रक्रियांमधील माहितीच्या देवाणघेवाणीचे जे टोक, त्यास सॉकेट म्हणतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीमुळे ही सोय रूढ झाली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९८ मध्ये सिद्ध केलेल्या परम १०००० या महासंगणकात युनिक्स कुलातील सोलॅरिस प्रणालीवर चालणारे अनेक संगणक परस्परांस जोडलेले होते. अशा समूहात एक प्रक्रिया अडली की तिच्या उत्तरावर अवलंबून असलेल्या इतरही खोळंबतात. म्हणून संदेशवहनातील दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शोधाचा आरंभ जोडणीपासून करावा. कोथरूडमधील संगणकाने गणेशखिंडीतील संगणकाकडे मागितलेली जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा पलीकडील संगणक चालू असून त्या पोर्टवर कोणतीही प्रक्रिया ऐकत नसते. बराच वेळ काहीच उत्तर न आल्यास मार्ग तुटलेला असणे, संगणक बंद असणे किंवा फायरवॉलने संदेश अडविणे संभवते. १२७.०.०.१ या पत्त्यास बांधलेली सेवा त्याच संगणकावर निर्वेध चालते, बाहेरून मात्र मिळत नाही. बाइटांचा क्रम बदलण्याचे राहून गेल्यास पुष्कळ संगणकांवर ५००० ऐवजी ३४८३५ हा पोर्ट वापरला जातो. एकाच संगणकावरील युनिक्स सॉकेटची फाइल प्रक्रिया संपल्यावरही शिल्लक राहते व ती काढून टाकेपर्यंत पत्ता वापरात असल्याची तक्रार येते.

सर्वांत फसवे दोष जोडणी झाल्यानंतरचे होत. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असून त्यात संदेशांच्या सीमा नसतात. एका वेळी लिहिलेला मजकूर दोन तुकड्यांत किंवा पुढील मजकुराशी जोडून वाचला जाऊ शकतो. चाचणीत, लहान संदेशांच्या बाबतीत, हे सहसा दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात भार वाढला की नोंदी तुटतात. यास्तव प्रत्येक संदेशाची लांबी आधी पाठवितात व तेवढे बाइट मिळेपर्यंत वाचन चालू ठेवतात.

बंद झालेल्या जोडणीवर लिहिल्यास सिगपाइप हा संकेत येऊन प्रक्रिया कोणतीही सूचना न देता संपते. याउलट, फोर्कने निर्माण झालेल्या अपत्य प्रक्रियेकडे सॉकेटची प्रत उघडी राहिली, तर मूळ प्रक्रियेने ते बंद करूनही पलीकडच्या वाचकास प्रवाहाचा शेवट कळत नाही व तो वाट पाहत राहतो. असे खोळंबलेले सॉकेट कोणकोणत्या प्रक्रियांनी धरून ठेवले आहे, हे एलएसओएफ या साधनाने दिसते.