बीडचं लीड

ऑक्टोबर २०१४ मध्ये बीड लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. प्रीतम मुंडे यांनी ६,९६,३२१ मतांनी जिंकली. जून २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात, त्याच पक्षाच्या, भाजपच्या, तिकिटावर त्यांच्या थोरल्या भगिनी पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या. मध्ये दहा वर्षंसुद्धा पुरती गेली नव्हती. पहिला आकडा दुसऱ्याच्या १०६ पट आहे. लक्षद्वीप हाही लोकसभेचा एक अख्खा मतदारसंघ, आणि तिथले एकूण मतदार जेमतेम ५८ हजार. म्हणजे प्रीतम मुंडेंच्या नुसत्या लीडमध्ये बारा लक्षद्वीप बसतात. पंकजाताईंचा पराभव मात्र चार-पाच मतदान केंद्रांच्या याद्यांत मावेल एवढाच.

पोटनिवडणुकीचा तो आकडा तेव्हा देशातला विक्रम होता. त्याआधीचा विक्रम पश्चिम बंगालमधल्या आरामबागचा: २००४ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे अनिल बसू तिथे ५,९२,५०२ मतांनी निवडून आले होते. २०१४ च्या मे महिन्यात नरेंद्र मोदी वडोदऱ्यात ५,७०,१२८ मतांनी जिंकले, तरी बसूंचा आकडा शाबूत राहिला. तो मोडला बीडने. ३ जूनला बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे दिल्लीतल्या अपघातात गेले आणि त्यांच्या जागी उभी राहिलेली मुलगी ९,२२,४१६ मतं घेऊन आली. सहानुभूतीची लाट, असं त्या वेळी सगळीकडे म्हटलं गेलं. लाट होतीच, पण आकडे जरा उलगडून बघायला हवेत.

त्याच वर्षी मे महिन्यात खुद्द गोपीनाथरावांना मिळाली होती ६,३५,९९५ मतं. राष्ट्रवादीच्या सुरेश धसांना ४,९९,५४१. लीड १,३६,४५४. पाच महिन्यांनी राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नाही. काँग्रेसचे अशोकराव पाटील उभे राहिले आणि त्यांना २,२६,०९५ मतं पडली. भाजपची मतं २,८६,४२१ ने वाढली, समोरच्याची २,७३,४४६ ने घटली. दोन्ही आकडे जवळपास सारखे, आणि लीडमध्ये दोन्हींची बेरीज होते. एक मतदार इकडून तिकडे गेला की फरक एकाचा पडत नाही, दोनाचा पडतो. राष्ट्रवादीच्या मतदारासमोर त्याचं घड्याळ हे चिन्हच नव्हतं, म्हणून बापाच्या लीडच्या पाचपट लीड मुलीला मिळालं. दुःख खरं होतं. पण तो विक्रम घडला त्यात समोरच्या रिकाम्या जागेचा वाटा मोठा होता.

हे बीडपुरतंच आहे असं समजू नका. २०२४ साली इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी निवडून आले. तिथे लालवानींच्या खालोखाल मतं कोणा माणसाला नव्हे, ‘नोटा’ला पडली: २,१८,६७४; लीड मात्र त्याखालच्या उमेदवाराशी मोजलं गेलं. विक्रम इंदूरकडे गेला, तोही बीडसारख्याच रस्त्याने.

आता खरी चक्रावणारी गोष्ट. लीड बाजूला ठेवा आणि भाजपला बीडमध्ये एकूण किती मतं पडली ते बघा. २०१९ मध्ये प्रीतम मुंडेंना ६,७८,१७५. २०२४ मध्ये पंकजा मुंडेंना ६,७७,३९७. फरक फक्त ७७८ मतांचा! एक बहीण १,६८,३६८ मतांनी जिंकली, दुसरी हरली, आणि दोघींच्या झोळीत मतं जवळजवळ तेवढीच. एवढंच काय, २०१४ च्या मे महिन्यात वडील जेवढ्या मतांवर खासदार झाले, त्याहून ४१,४०२ मतं जास्त घेऊन मुलगी घरी बसली.

हललं ते समोरचं पारडं. दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी एकच होते, बजरंग सोनवणे. २०१९ मध्ये त्यांना ५,०९,८०७ मतं होती, २०२४ मध्ये ६,८३,९५०. म्हणजे १,७४,१४३ ची भर. या पाच वर्षांत जिल्ह्यात मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं. त्याचे नेते मनोज जरांगे मूळचे याच जिल्ह्यातले, मातोरीचे. मराठा विरुद्ध वंजारी (मुंडेंचा समाज) अशी उभी फूट गावागावांत पडली होती. मतदान वाढलं, आणि वाढलेलं जवळपास सगळं एकाच बाजूला गेलं. मुंडेंची मतं फुटली, असं निकालानंतर कट्ट्यांवर बोललं गेलं. आकडे बघता ती फारशी फुटली नाहीत, नुसती कमी पडली.

बीडमध्ये सुमारे २१ लाख मतदार. एका केंद्रावर फार तर दीड हजार धरले, तरी किमान १,४०० केंद्रं होतात. ६,५५३ चं लीड पुसायला ३,२७७ माणसांनी बाजू बदलली असती तरी भागलं असतं, म्हणजे केंद्रामागे अडीच माणसंसुद्धा नाहीत. एका घरातली सासू-सून जोडी आणि तिसऱ्याचा अर्धा विचार! त्यात मतदान यंत्रावर ४१ उमेदवार, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन-तीन बॅलट युनिट जोडलेली. सोनवण्यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि एका अपक्षाला मिळालेली नुसती पिपाणी. त्या पिपाणीला पन्नास हजारांहून जास्त मतं पडली. जिंकणाऱ्याच्या लीडच्या सातपटीहून जास्त. यातली किती चुकून पडली हे कोणालाच मोजता येणार नाही, पण सोनवण्यांच्या माणसांना त्या रात्री उशिरापर्यंत चाललेल्या मोजणीत ती पिपाणी कानात वाजत राहिली असणार.

बीडचा मतदार एका घराण्याला बांधलेला आहे, हा समज तसा अलीकडचा. १९५२ मध्ये हा भाग हैदराबाद राज्यात असताना इथून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे निवडून आले. १९६७ मध्ये साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून इथून लोकसभेत गेले, १९७७ मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. मग केशरबाई क्षीरसागर तीनदा, काँग्रेसच्या. मध्ये १९८९ ला जनता दलाचे बबनराव ढाकणे. जयसिंगराव गायकवाडांनी तर कमालच केली: १९९८ आणि १९९९ ला भाजपकडून जिंकले, २००४ ला राष्ट्रवादीकडून. मुंडे घराण्यातलं पहिलं माणूस बीडचं खासदार झालं ते २००९ मध्ये, १,४०,९५२ च्या लीडने. ऊसतोड्यांच्या या जिल्ह्याने लाल बावटा, चक्र, पंजा, कमळ, घड्याळ सगळं करून पाहिलंय.

आणि लोकसभेनंतर साडेपाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा झाली. परळी हा बीड लोकसभेच्या सहा तुकड्यांपैकी एक. तिथून धनंजय मुंडे १,४०,२२४ मतांनी निवडून आले. लोकसभेला सहाही हिश्श्यांत मिळून जे लीड पडलं होतं, त्याच्या एकवीसपट लीड या एका हिश्श्यात. याच परळीत २०१९ साली त्यांनी चुलत बहीण पंकजा मुंडेंना ३०,७०१ मतांनी हरवलं होतं. या वेळी दोघं एकाच बाजूला होते.