परदेशी निघताना तब्येतीची शिदोरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास दूरध्वनी खणखणला. पलीकडे माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा होता. अमेरिकेत, न्यू जर्सीत स्थायिक झालेला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. ‘‘डॉक्टरकाका, आई दोन दिवसांपासून नुसती झोपून आहे. सारखं पाणी मागते. साखर मोजली तर ४८०! इन्शुलिन तर रोज न चुकता घेतेय. डोस वाढवू का?’’

त्याची आई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई. मधुमेह वीस वर्षांचा, पण शिस्त अशी की इन्शुलिनची वेळ पाच मिनिटांनी चुकायची नाही. मी त्याला इन्शुलिनची बाटली आणि सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले. बाटली इथूनच नेलेली, आपल्याकडे सर्रास मिळणारी, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली. सिरिंजचे टोपण मात्र लाल नव्हते, नारिंगी होते. बरोबर नेलेल्या सिरिंज संपल्या म्हणून मुलाने तिथल्या औषधाच्या दुकानातून नव्या आणल्या होत्या. त्या १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी बनवलेल्या. त्यांवरील वीसच्या खुणेपर्यंत बाई नेमाने औषध भरत होत्या आणि शरीरात जात होते वीसाऐवजी केवळ आठ युनिट!

त्यांना तातडीने रुग्णालयात नेण्यास मी सांगितले. तीन दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. नेमके उलटे घडले असते, म्हणजे बाटली तिथली १०० युनिटची आणि सिरिंज इथली ४० ची असती, तर वीसच्या जागी पन्नास युनिट गेले असते आणि बाई कदाचित झोपेतून उठल्याच नसत्या. ही गोष्ट जाण्यापूर्वी त्यांना सांगणे माझे काम होते. त्यांनी सहा महिन्यांची औषधे लिहून मागितली, मी ती लिहून दिली आणि ‘सुखरूप या’ म्हणालो. एवढ्यावरच आम्ही थांबलो होतो.

वाचकहो, आपल्याकडे कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास बहुधा कागदावर नसतो. तो कुटुंबाच्या डॉक्टरांच्या स्मरणात असतो. ‘ती नेहमीची पांढरी गोळी’ एवढे म्हटले तरी काम भागते. विमान सुटले की ती स्मृती मागे राहते. परक्या देशातील डॉक्टरांसमोर आपण बसतो तेव्हा आपला इतिहास सांगणारे फक्त आपणच असतो. म्हणून प्रवासाच्या तयारीत कपडे, लोणची आणि नातवंडांच्या खाऊबरोबर तब्येतीचीही शिदोरी बांधावी लागते.

दीड-दोन महिने आधी

तिकीट काढले की डॉक्टरांकडे जावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. रक्तदाब, साखर, हृदय यांची तपासणी आधी झाली तर औषधांत बदल करून तो मानवतो की नाही हे पाहण्यास अवधी मिळतो. दात आणि डोळे यांकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेत दातांचे उपचार महाग आहेत आणि प्रवासविम्यात ते बहुधा नावापुरतेच असतात. किडलेली दाढ इथेच पाहून घ्यावी. चष्म्याची एक जादा जोडी बरोबर असावी.

लसींचा विचारही याच वेळी करावा. ज्येष्ठांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. केनिया, युगांडा यांसारख्या आफ्रिकी देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. हे प्रमाणपत्र नसेल तर त्या देशांतून परतल्यावर भारतात विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. मात्र साठीनंतर ही लस प्रथमच घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. हजयात्रेला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

एका पानाचा इतिहास

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, टंकलिखित, सही-शिक्क्याचे एक पान मागून घ्यावे. त्यात आजारांची नावे व ते कधीपासून आहेत, झालेल्या शस्त्रक्रिया, ज्या औषधांची ॲलर्जी आहे ती औषधे, रक्तगट आणि सध्या चालू असलेली औषधे असावीत. हृदयरोग असल्यास अलीकडच्या ईसीजीची प्रत जोडावी. निरोगी वेळचा ईसीजी समोर असला की छातीत दुखू लागल्यावर काढलेल्या ईसीजीत नवे काय आहे, हे परक्या डॉक्टरांना चटकन कळते. या पानाची एक प्रत पाकिटात, एक मुलांकडे आणि एक छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवावे.

औषधांची नावे कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ घटकाच्या नावाने लिहिलेली हवीत. आपल्याकडचे प्रसिद्ध ब्रँडही तिकडच्या फार्मासिस्टला ठाऊक नसतात. मूळ नावांतही फरक असतो. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने विकले जाते आणि सर्दी-खोकल्याच्या अनेक तयार औषधांतही ते असते. तापासाठी इथून नेलेली गोळी आणि सर्दीसाठी तिथे घेतलेले औषध यांतून एकच घटक दुप्पट पोटात जातो व यकृताला इजा होऊ शकते. दम्याचे सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होते. मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड होते.

साखरेचे आकडेही वेगळे दिसू शकतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे ती वेगळ्या परिमाणात मोजतात. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला ओळखीचा आकडा मिळतो. ‘७’ वाचून घाबरू नका. ते आपले १२६ आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांच्या पानावर मात्र बाटली ४० ची की १०० ची हे ठळक लिहिलेले हवे आणि सिरिंज मुक्कामाला पुरतील एवढ्या इथूनच न्याव्यात. पेन वापरत असाल तर त्याच्या सुया न्याव्यात.

औषधांची पिशवी

औषधे कायम हातातल्या बॅगेत ठेवावीत. सामान हरवले तर कपडे विकत मिळतील, रक्तदाबाची गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. इन्शुलिन तर विमानाच्या सामानकक्षात ठेवूच नये. तिथे गोठून ते निकामी होऊ शकते. सुया आणि सिरिंज यांसाठी डॉक्टरांचे पत्र जवळ असावे. गोळ्या डबीत सुट्या करून न नेता मूळ पाकिटांत न्याव्यात. अमेरिकेत स्वतःसाठी साधारण तीन महिन्यांपुरती औषधे नेता येतात. मुक्काम त्याहून मोठा असेल तर पुढच्या औषधांसाठी तिथल्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवावी.

प्रत्येक देशाचे कायदे निराळे असतात. आखाती देशांत याची विशेष काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावरील प्रीगॅबॅलिन ही नियंत्रित औषधे आहेत. ती न्यायची असतील तर पूर्वपरवानगी काढावी लागते. तिथे खसखशीवरही बंदी आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. दुबईच्या लेकीसाठी अनारसे नेणाऱ्या आईने हे लक्षात ठेवावे. पाऱ्याची किंवा शिशाची भस्मे असलेली औषधेही बरोबर नेऊ नयेत.

विमा घेताना खरे बोला

‘मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो मानू नका. आजार लपवला आणि प्रसंग ओढवला, तर विमा कंपनी दावा नाकारते आणि लाखांची देयके मुलांच्या माथी येतात. विमा घेताना तीन प्रश्न विचारावेत. जुन्या आजारातून अचानक गंभीर स्थिती उद्भवली तर खर्च मिळतो का? प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच मिळते, की प्रत्यक्ष खर्चाचा मोठा भाग मिळतो? कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते, की आधी आपण भरायचे? अमेरिकेसाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निर्णायक असते. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा घेताना किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विम्याचा क्रमांक आणि चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक त्या एका पानाच्या मागे लिहून ठेवावा.

आकाशातले तास

मुंबईहून न्यूयॉर्कचा थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा आहे. एवढा वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. दर दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. स्वच्छतागृहात जावे लागते म्हणून पाणीच न पिण्याची सवय इथे घातक ठरते. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी घड्याळातील बदलानुसार मात्रा कशा घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना तो आखडतो.

तिथे गेल्यावर दार कोणते ठोठवावे?

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांबरोबर बसून हे ठरवावे. अमेरिकेत साध्या दुखण्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळण्यास दिवस लागू शकतात. ताप, लघवीची जळजळ, पाय मुरगळणे अशा गोष्टींसाठी ‘अर्जंट केअर’ नावाचे दवाखाने असतात. तिथे वेळ न ठरवता जाता येते आणि खर्च रुग्णालयाच्या तातडीच्या विभागापेक्षा पुष्कळ कमी येतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे, श्वास कोंडणे यांसाठी मात्र थेट ९११ फिरवावा. तेथील १९८६ च्या कायद्यानुसार, तातडीचा विभाग असलेल्या जवळपास सर्वच रुग्णालयांना रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. देयक नंतर येते, पण दार बंद होत नाही.

इंग्लंडमध्ये पाहुण्यांनाही स्थानिक जीपी विनामूल्य पाहू शकतो. तातडीच्या विभागातील उपचारही विनामूल्य असतात. तिथून रुग्णालयात दाखल केले की मात्र पाहुण्यांना शुल्क लागते. सल्ल्यासाठी १११ आणि प्राणसंकटात ९९९ हे क्रमांक आहेत. युरोपीय संघात सर्वत्र ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि अमिरातीत ९९८. मुलगा आणि सून कामावर गेल्यावर घरी आजी-आजोबाच असतात. म्हणून क्रमांकाबरोबर घराचा पत्ताही मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवावा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रुग्णालयात दुभाषा मागावा. अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांत दूरध्वनीवरून तो मिळतो. हिंदीचा तर सहज.

आणि आम्हा इथल्या डॉक्टरांना दूरध्वनी जरूर करा, पण सल्ल्यापुरता. सात समुद्रांपलीकडून पोट दाबून पाहता येत नाही की छातीला आला लावता येत नाही.

सर्वांत अवघड तयारी

बाई परतल्यावर मी त्यांना विचारले, ‘‘बरं नाही हे तुम्हाला मुलाच्या आधी कळलं असेल ना?’’ त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पाच दिवस आधीपासून कळत होतं डॉक्टर. पण त्याला रजा काढावी लागली असती, डॉलरमध्ये खर्च झाला असता. म्हटलं, बघू.’’

सिरिंजच्या घोटाळ्यापेक्षा हे ‘बघू’ मला अधिक भयंकर वाटते. मुलांना त्रास नको म्हणून दुखणे गिळणारे आईवडील मी रोज पाहतो. परदेशात ही माया जिवावर बेतू शकते. लवकर सांगितलेले दुखणे अर्जंट केअरमध्ये आवरते. लपवलेले अतिदक्षता विभागात जाते आणि तेव्हा रजाही जाते, पैसाही जातो. मुलांनीही तिकीट पाठवताना आईवडिलांना एवढे सांगावे, ‘‘दुखलं तर आधी मला सांगायचं. खर्चाचा विचार माझा.’’

बाई नंतर पुन्हा दोनदा जाऊन आल्या. मागच्या खेपेस निघण्यापूर्वी दवाखान्यात आल्या, तेव्हा टंकलिखित पान त्यांनी स्वतःच तयार करून आणले होते. मला फक्त तपासून सही करायची होती. शाळेतल्या सवयीने त्यांनी समास सोडला होता आणि इन्शुलिनच्या बाटलीचा आकडा लाल शाईने दोनदा अधोरेखित केला होता.