कर्ज मिटल्यावर शिलकेचे खाते

कर्जाचा शेवटचा हप्ता भरला गेला, किंवा बँकेशी ठरलेली एकरकमी तडजोड पुरी झाली, म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावरील मोठा भार उतरतो. महाराष्ट्रात २०१७ व २०१९ साली जाहीर झालेल्या कर्जमाफीच्या योजनांतून पुष्कळांची थकबाकी मिटली, तर कित्येकांनी स्वतः तडजोड करून कर्ज फेडले. अशा घरांत एक गोष्ट हटकून दिसते. हप्त्यासाठी बाजूला पडणारी रक्कम हप्ता संपताच घरखर्चात मिसळून जाते, आणि पुढच्या मृगाला बियाण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

तडजोड झालेल्या शेतकऱ्याला ही अडचण अधिकच जाणवते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणे अशा कर्जदारास नवे कर्ज मिळण्यापूर्वी काही काळ थांबावे लागते. शेतीकर्जाच्या बाबतीत हा काळ त्या त्या बँकेचे संचालक मंडळ ठरविते. म्हणजे मधला एखादा हंगाम बँकेच्या कर्जाविना काढण्याची वेळ येऊ शकते, आणि सावकार नेमकी तीच वेळ साधतो. बचत खाते उघडण्यास मात्र पूर्वीच्या थकबाकीची आडकाठी नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. जूनच्या आरंभी २०,००० रुपये दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले व सोयाबीन विकून नोव्हेंबरच्या आरंभी परत केले, तर पाच महिन्यांचे व्याज ३,००० रुपये होते. हीच रक्कम आदल्या नोव्हेंबरात डाकघराच्या बचत खात्यात सालीना शेकडा ४ दराने ठेवली असती, तर जूनपर्यंत सुमारे ४६५ रुपये व्याज मिळाले असते. एवढ्याशा व्याजासाठी कोण खाते उघडतो, असे पारावर विचारले जाते. पण खरा लाभ त्या ४६५ रुपयांत नाही. वाचलेल्या ३,००० रुपयांत आहे.

खाते उघडण्याआधी जुना व्यवहार कागदोपत्री पुरा करून घ्यावा. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांच्या घरांतील कर्जरोखे जाळले, त्यामागे न समजणाऱ्या हिशेबाची चीड होती. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैसे फेडणाऱ्यास लेखी पावती मागण्याचा हक्क दिला. आज बँकेकडून ‘काही येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा, व तो तलाठ्याकडे देऊन सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरातील बोजा कमी झाल्याचा फेरफार नोंदवून घ्यावा. बोजा आपोआप उतरला असेल अशा समजुतीवर राहू नये. त्याच बँकेत दुसरे एखादे कर्ज किंवा भावकीतील कोणाची जामीनकी शिल्लक आहे काय, हेही विचारावे. कारण आपले येणे थकले असेल तर त्याच बँकेतील ठेवीतून ते वळते करून घेण्याचा हक्क बँकेस असतो. तशी शंका असल्यास नवे खाते दुसऱ्या बँकेत अथवा डाकघरात उघडणे शहाणपणाचे.

डाकघरात ५०० रुपये भरून खाते उघडता येते. बँकेत ‘मूलभूत बचत ठेव खाते’ मागावे. त्यास किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही व महिन्यातून चार वेळा पैसे काढण्यास शुल्क पडत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. बँकेतील ठेवीस, व्याजासह, दर ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस ते लागू आहे. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतील ठेवीस नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

जुने खाते बंद करण्याची घाई करू नये. शासकीय अनुदाने आधार जोडलेल्या खात्यात येतात. तेव्हा प्रथम आधारची जोडणी नव्या खात्याकडे वळवावी, एखादा हप्ता तेथे आल्याची खात्री करावी, मग जुने खाते मिटवावे. खाते उघडतानाच नामनिर्देशन करावे. हा रकाना मोकळा सोडल्यामुळे मागे राहिलेल्यांना वारसाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. घरधनिणीच्या नावे स्वतंत्र खाते असल्यास अधिक बरे. दुधाचे व कोंबड्यांचे पैसे तीच सांभाळते, आणि तिच्या खात्यातील पैसा सहसा हंगामाआधी हलत नाही, असा गावोगावचा अनुभव आहे.

किती ठेवावे, हा प्रश्न उरतो. पूर्वीचा हप्ता जेवढा होता त्याच्या निम्मी रक्कम, माल विकल्याच्या आठवड्यातच भरावी. दूध घालणाऱ्याने पगार मिळेल तशी भरावी. दोन वर्षे खात्यावर देवघेव झाली नाही तर ते निष्क्रिय ठरते, म्हणून थोडी का होईना, रक्कम भरत राहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सोसायटीच्या सचिवाकडून माहिती घेऊन, ज्यांचे कर्ज या वर्षी फिटले अशा सभासदांस स्वतः भेटावे. दाखला, फेरफार आणि खाते ही तिन्ही कामे सुगीचे पैसे हातात येण्यापूर्वी उरकता येतील. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांच्यासोबत शाखेत जावे, व पासबुकात पहिली नोंद झालेली पाहूनच परतावे.