मुंग्या कोणत्या बोटाला येतात?

दिल्लीत करोल बागेच्या रेघरपुरा-बीडनपुरा भागात दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या खोल्या एकमेकींना खेटून आहेत. त्यांच्या जोडीने इथे मराठी गलाईवालेही वसले. विटा, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडून सोने-चांदी गाळण्याचा धंदा देशभर नेणारी ही माणसे. कारागीर असो की गलाईवाला, दोघांचेही पोट हातावर. म्हणून हाताला मुंग्या येऊ लागल्या की जीव घाबरा होतो आणि शेजारीपाजारी निदान सांगून मोकळे होतात: नसा कमजोर झाल्यात, रक्त पोचत नाही, मालिश करून घे, ताकदीचे इंजेक्शन घे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यात महिने वाया जातात आणि कधी कधी हातही.

आधी ‘रक्त पोचत नाही’ या समजाचे पाहू. रक्त खरोखर अडले तर हात गार पडतो, पांढरा-निळा होतो, असह्य दुखतो. मुंग्या बहुतेक वेळा मज्जातंतूच्या असतात. मेंदूतून १२ आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून ३१ मज्जातंतूंच्या जोड्या निघतात, त्यांतल्या मज्जारज्जूतल्यांचे फाटे बोटांच्या टोकांपर्यंत जातात. स्पर्श, उष्णता, वेदना वर नेणारे धागे, स्नायूंना हुकूम देणारे धागे, घाम आणि रक्तवाहिन्या सांभाळणारे धागे, सगळे बहुधा एकाच जुडग्यात असतात. प्रत्येक मज्जातंतूचा इलाखा ठरलेला असतो. म्हणून ‘हाताला मुंग्या येतात’ एवढे सांगून भागत नाही, बोट सांगावे लागते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर संशय मनगटावर. तिथल्या अरुंद बोगद्यातून ९ स्नायुबंध आणि १ मज्जातंतू जातो. पक्कड आवळून दिवसभर काम करताना स्नायुबंधांची आवरणे सुजली की चेपतो तो मज्जातंतूच. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपरात. कोपर आपटल्यावर जी झिणझिणी येते ती हाडाची नाही, हाडाला घासून जाणाऱ्या याच मज्जातंतूची. मेजावर कोपरे टेकून बारीक काम करणाऱ्यांचा तो रोज चेपला जातो. तासन्तास मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्यांचे तिसरेच होते: गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कातडीखालून जाणारा मज्जातंतू दबतो आणि उठल्यावर पाऊल वर उचलत नाही. याला लकवा समजून लोक हबकतात. दाब वेळीच काढला तर पाऊल बहुधा पूर्ववत होते, पण दाखवायला उशीर करू नये.

असाच आणखी एक समज पायाचा: पोटरीत वांब आला की ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतात. तसे काही चढत नाही. स्नायू आकसून घट्ट झालेला असतो, तो हळूहळू ताणला की सुटतो.

जीवनसत्त्वांची इंजेक्शने सरसकट टोचून घेणाऱ्यांसाठी एवढेच की बी-१२ ची कमतरता असेल तर ते औषध आहेच. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आढळते, रक्ताच्या तपासणीत कळते. मनगटात दबलेला मज्जातंतू मात्र त्याने सुटत नाही. आणि बी-६ वाजवीपेक्षा जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतले तर तेच मज्जातंतू बिघडवते.

या सगळ्यांहून घातक समज म्हणजे ‘दुखत नाही ना, मग काळजी नाही’. तापलेल्या मुशीला बोट लागले की वेदना जाणवण्याआधीच हात मागे येतो, कारण ती आज्ञा मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच सुटते. ही राखण कोलमडली की काय होते ते कुष्ठरोगाने दाखवले. त्यात बोटे झडतात असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आणि माणसांना गावाबाहेर काढले गेले. खरे तर तो जिवाणू मज्जातंतूंवर हल्ला करतो. वेदना गेली की भाजते, कापते, चिघळते आणि माणसाला पत्ता लागत नाही. त्या न सांभाळलेल्या जखमांनी बोटे आखूड होतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ठामपणे मांडले. आज हीच गत मधुमेहात होते. त्यात सर्वांत लांब धागे आधी मार खातात, म्हणून सुरुवात दोन्ही पावलांपासून. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, हे लक्षण दुखण्याइतकेच, किंबहुना जास्त, गंभीर मानायला हवे.

गलाईवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत शिसे वापरतात. त्याचा धूर वर्षानुवर्षे अंगात गेला तर मनगट लुळे पडू शकते, मुंग्या न येताही. धूर खेचणारा पंखा म्हणूनच चैनीची वस्तू नाही.

‘तुटलेला मज्जातंतू कधी जुळत नाही’ हे मेंदू आणि मज्जारज्जूबाबत बरेचसे खरे, हातापायांबाबत नाही. टोके वेळेत शिवली तर धागे दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. करोल बागेला लागून असलेल्या सर गंगाराम रुग्णालयात २०२४ च्या सुरुवातीला, रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका रंगकाम करणाऱ्या माणसाला मृत महिला दात्याचे हात जोडले गेले. असे हात जोडताना दात्याचे धागे कामी येत नाहीत, ते विरून जातात. उरते ते आवरण, आणि त्यातून वाट काढत रुग्णाचे स्वतःचे धागे नव्या बोटांकडे जातात. त्याला महिने लागतात, म्हणून मनगटाजवळ कापल्यावर जखम शिवून झाली आणि बोट बधिर राहिले, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत घरी थांबू नये. हाताच्या शल्यचिकित्सकाकडे त्याच आठवड्यात जावे, कारण फार काळ आज्ञेविना राहिलेला स्नायू पुढे मज्जातंतू पोचला तरी चालत नाही.