काजूचे मार्झिपान: केकवर टिकेल असे

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही केक आणला होता. त्यावरचे छोटे आंबे आणि बोंडू पाहून "हे खायचे आहेत की शोभेचे?" असे बऱ्याच जणांनी विचारले आणि काही जणींनी कृती मागितली. फोनवर सांगताना निम्मे सुटते, म्हणून लिहून देत आहोत. आम्ही दोघेही यातले तज्ज्ञ नव्हे. एकाचे आयुष्य बँकेत गेले, दुसरीचे घर आणि शिकवण्या सांभाळण्यात.

आमच्या घरात हा पदार्थ आला तो शेजारच्या आंटींकडून. चवथीला आमच्याकडून नेवऱ्यांचे ताट जाते, नाताळात त्यांच्याकडून कुस्वाराचे येते. तीस वर्षांत हे खाते कधी बंद पडले नाही. ताटात दोदोल, बेबिंका सगळे असे, पण मुलांचे हात आधी जात ते मार्झिपानच्या रंगीत फळांवर. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने आंटींची बोटे आखडली आणि ताटातली फळे थांबली. यंदा जुलैत त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. केक आपण करायचा आणि त्यावर मार्झिपानही आपणच घालायचे, असे आम्ही त्यांच्या मुलीला सांगून टाकले. काय कबूल केले ते नंतर कळले.

मार्झिपान म्हणजे मुळात बदामाची पूड आणि साखर यांचा मळलेला गोळा. जर्मनीतले ल्युबेक शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे, सिसिलीत त्याची हुबेहूब फळे करतात. पोर्तुगीज भाषेत याला 'मासापांव' म्हणतात. गोव्यात मात्र बदामाच्या जागी काजू आला. काजूचे झाड पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून इथे आणले, आणि बदामापेक्षा ते हाताशी होते. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. काजूकतली ज्याला जमते त्याला मार्झिपान अर्धे येतेच. फरक इतकाच, की कतली वडी पडली की संपली. मार्झिपान लाटता आले पाहिजे, वळता आले पाहिजे आणि केकवर काही दिवस राहिले पाहिजे.

आमचा पहिला घाणा बिघडला तो मिक्सरमध्ये. अर्धा किलो काजू एकदम घातले आणि बारीक व्हावेत म्हणून मिक्सर चालूच ठेवला. काजूत जवळजवळ निम्मे तेल असते. पाते तापले की ते सुटते, आणि पुडीऐवजी लोणी हाती येते. तेल सुटलेल्या गोळ्यात चमचाभर पाणी घालून हलक्या हाताने मळले तर तो थोडासा सावरतो, पण त्याची पाकळी उभी राहत नाही. आमचा गोळा शेवटी घरातच खाऊन संपवला. अर्धा किलो काजूचा भाव लक्षात घेता ही चूक दोनदा परवडणारी नाही.

म्हणून आता असे करतो. काजू 250 ग्रॅम, साखर 250 ग्रॅम, एका अंड्याचे पांढरे, गुलाबपाणी अर्धा चमचा. काजू फ्रिजमधले असतील तर आधी बाहेर काढून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. मूठ-मूठ घालून, थांबत थांबत फिरवावेत आणि चाळून घ्यावेत. सगळे एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण कढई सोडू लागले की थोडेसे गार पाण्यात टाकून पाहावे. त्याची मऊ गोळी वळली की उतरवावे. कोमट झाल्यावर तुळतुळीत होईपर्यंत मळावे. अंडे चालत नसेल तर साखरेत 100 मिली पाणी घालून एकतारी पाक करावा आणि त्यात पूड घालावी. गोळा थोडा ठिसूळ होतो, पण चव तीच.

केक झाकण्यासाठी आठ इंची केकला साधारण 800 ग्रॅम मार्झिपान लागते. केकवर आधी गरम करून गाळलेला जॅम पातळ लावावा, त्याशिवाय ते चिकटत नाही. पोळपाटावर पिठीसाखरच भुरभुरावी, कॉर्नफ्लोअर नको. ओलाव्याशी गाठ पडली की ते आंबू शकते. केकचा व्यास अधिक दुप्पट उंची, इतकी मोठी पोळी लाटावी. जाडी अर्धा सेंटिमीटर. वर पांढरे आयसिंग द्यायचे असेल तर मार्झिपान एक-दोन दिवस सुकू द्यावे, नाहीतर काजूचे तेल आयसिंगवर डाग पाडते.

फळांचे काम सर्वांत मजेचे. रंग जेल किंवा पेस्टचाच घ्यावा, पातळ रंगाने गोळा चिकट होतो. संत्र्याला खरखरीत साल हवी तर गोळी किसणीच्या बारीक बाजूवर फिरवावी. देठाला लवंग खोचावी (खाताना काढायला सांगायला विसरू नये). आमचा मानकुराद बरा जमला. बोंडू करताना मात्र हसू आले: काजूच्याच पिठाचे बोंडू आणि त्याला खाली टोचलेला खरा काजू!

जुलैतल्या हवेचे काय, ही खरी धास्ती होती. साखर हवेतली ओल ओढते. तयार फळे उघडी फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढताच घाम येतो आणि रंग ओघळतात. आम्ही ती रात्रभर एसीच्या खोलीत ताटावर सुकवली आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. केकवर मांडली ती अगदी निघताना.

एक सूचना गंभीरपणे: अनेकांना काजू-बदामाची अॅलर्जी असते, आणि ती जिवावर बेतू शकते. सार्वजनिक कार्यक्रमाला असा केक नेताना शेजारी "यात काजू आहे" अशी चिठ्ठी ठेवावी. मागच्या महिन्यात आम्ही ती ठेवली नव्हती, यापुढे ठेवू.

वाढदिवसाला आंटींनी केक कापायच्या आधी आंबा उचलला. वाकड्या बोटांनी तो दाबून पाहिला, चाखला. "बरें जालां," म्हणाल्या, आणि लगेच, गुलाबपाणी जास्त झाले आहे, हेही सांगितले. आम्ही एक चमचा घातले होते. वरच्या कृतीतला अर्धा चमचा त्यांचा आहे.